बाजूला काढलेली कालवं

त्या हॉटेलात काउंटरच्या आत, मालकीणबाईंच्या डाव्या पायाशी, एक पत्र्याची बादली असते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, ऐकू मात्र येते. कालव, म्हणजे इंग्रजीतलं ऑयस्टर, उघडताना आधी सुरीची कुरकुर, मग बिजागरी निसटल्याचा बारीकसा 'टक्', मग क्षणभर काहीच नाही. त्या क्षणभरात बाई शिंपला नाकाशी नेतात. बहुतेक वेळा पुढचा आवाज बर्फाचा असतो, शिंपला त्यात रोवून बसवल्याचा. पण अधूनमधून, रोज नाही, खाली बादलीत 'ठण्ण' होतं. बाई काही बोलत नाहीत. चेहराही हलत नाही. हात पुढच्या कालवाकडे गेलेला असतो.

मी तिथे त्या 'ठण्ण'साठी जाते असं म्हटलं तर घरचे हसतात. पण दुसरं कारण मला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

हॉटेल म्हणजे तरी काय, एका अरुंद गाळ्यात नऊ खुर्च्या. सगळ्या एकाच लाकडी काउंटरला लावलेल्या. मागून कुणाला जायचं असेल तर आपण पोट आत घ्यायचं. मेनूकार्ड नाही, फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं आणि त्यातलं निम्मं संध्याकाळी सातच्या आत पुसलेलं असतं. काउंटरच्या मधोमध बर्फाचा उतरता ओटा, त्यावर कालवं ओळीने, खोलगट बाजू खाली. आत शेगडीपाशी एक तरुण मुलगा, बाईंचा भाचा असावा. मासे तळणं, भाजणं त्याच्याकडे. उघडणं फक्त बाईंकडे. त्या पन्नाशी ओलांडलेल्या असतील. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी एक जुना पांढरा वण आहे. कसला ते विचारायची गरज नाही.

पहिले तीन-चार महिने मी तिथे कालव खाल्लंच नाही. तळलेला मासा मागवायचे आणि शेजारच्या माणसाच्या ताटलीकडे चोरून बघायचे. भीती होती, शिसारी होती आणि थोडी लाजही, कारण माशांची आवड असल्याच्या गप्पा मी सगळ्यांत मोठ्याने मारते. मासा ताटात येतो तेव्हा तो मेलेला असतो, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. कालवाचं तसं नाही. नुकतं उघडलेलं चांगलं कालव सहसा जिवंत असतं. त्याच्या कडेची काळसर झालर सुरीच्या टोकाने हलकेच टोचली तर ती आत ओढली जाते. त्याला मेंदू नाही, पण तीन कप्प्यांचं हृदय आहे. हे सगळं मी आधी वाचून गेले होते आणि तीच चूक झाली. काही गोष्टी खाऊन झाल्यावर वाचाव्यात.

एका संध्याकाळी गर्दी नव्हती. बाईंनी न विचारता एक कालव माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "बघताय किती दिवस. एक घ्या. नाही आवडलं तर मासा आहेच."

"मोती निघतो का हो कधी?" मी विचारलं. वेळ काढायला माणूस काहीही विचारतो.

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्यांनी बहुधा अशा प्रश्नांसाठीच राखून ठेवली असावी. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे आपल्या डोक्यात शाळेपासून इतकं घट्ट बसलेलं असतं की शिंपला दिसला की हात आपोआप मोत्याकडे जातो. प्रत्यक्षात मोत्याचा शिंपला वेगळ्याच कुळातला. कोकिची मिकिमोतो यांनी जपानात १८९३ साली पहिले अर्धगोल मोती पिकवले तेही त्या मोत्याच्या शिंपल्यात, खाण्याच्या कालवात नव्हे. खाण्याच्या कालवात क्वचित कधी एखादा खडा निघतो, पण तो चुनखडीसारखा मंद, बिनचकाकीचा. त्याने फार तर दात दुखावतो.

मग ते कालव मी उचललं. आधी बाईंनी ते कसं उघडलं तेवढं सांगते, कारण खरी करामत तिथे आहे.

कालवाचा एक शिंपला खोल, एक चपटा. दोन्ही जिथे जोडलेले असतात त्या निमुळत्या टोकाला बिजागरी. या बिजागरीत एक चिवट पट्टा असतो आणि त्याचा कल सतत उघडण्याकडे असतो, दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा. मिटून धरतो तो आतला स्नायू. म्हणजे जिवंत कालव बंद असतं ते स्वतःच्या जोरावर, जिवाच्या आकांताने. मेलं की स्नायू सैल पडतो आणि ते आपोआप उघडतं. म्हणून तोंड वासून पडलेलं कालव, टकटक केल्यावरही मिटलं नाही, तर सरळ फेकायचं. उघडायला सोपं असलेलं कालव खाऊ नये, असा हा उलटा व्यवहार.

बाई चार पदरी घडी घातलेल्या जाड फडक्यात कालव धरतात, फक्त बिजागरीचं टोक बाहेर ठेवून. सुरी आखूड असते, जाड पात्याची, धार जवळजवळ नसलेली. धारदार सुरीने कालव उघडायला जाणाऱ्याचा हात कापला जातो, कालव तसंच राहतं. सुरीचं टोक बिजागरीच्या फटीत ठेवून त्या किंचित हलवत राहतात. ढकलत नाहीत. कुलपात किल्ली बसेना झाली की आपण अंदाज घेतो ना, तसं. टोक रुतलं की मनगट फिरतं, 'टक्' होतं. मग पातं चपट्या शिंपल्याच्या आतल्या अंगाला चिकटवून सरकवायचं आणि स्नायू कापायचा, झाकण निघतं. पुन्हा खालून, खोलगट शिंपल्याच्या बाजूने तोच स्नायू सोडवायचा, पण मांसाला चरा न पडू देता. आणि हे सगळं चालू असताना शिंपला आडवाच राहिला पाहिजे, आतलं पाणी सांडता कामा नये. बाईंना या सगळ्याला पाच-सहा सेकंद लागतात. पुढचं एक सेकंद नाकाला.

चव? समुद्राच्या लाटेचं पाणी तोंडात गेल्यावर जे होतं ते आधी, खारट आणि गार. मला वाटलं एवढंच. गिळून मोकळी होणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चावा." मी चावलं. खारेपणाच्या मागून एक गोडवा आला, दुधाच्या सायीत असतो तसा, आणि त्याच्याही मागून तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखं काहीतरी. तो गोडवा ग्लायकोजेनचा, हिवाळ्यासाठी कालवाने साठवलेल्या शिदोरीचा. न चावता घशाखाली लोटणाऱ्यांना फक्त समुद्र मिळतो, कालव मिळत नाही. तो लोटण्याचा बाणा कुणी सुरू केला कोण जाणे. पैज लावून खाल्ल्यासारखं खाणाऱ्या लोकांची मला एकूणच चीड आहे.

मग मी बोलले ते अगदी वेंधळं होतं. मी म्हटलं, "आणखी एक."

त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. बाई बोलत फार नाहीत, पण एकाच जातीची, दोन वेगळ्या खाड्यांतली कालवं शेजारी शेजारी ठेवतात आणि गप्प राहतात. एक धारदार खारट, काकडीच्या वासाचं. दुसरं मऊ, जवळजवळ लोण्यासारखं. मला आधी वाटलं जाती वेगळ्या असणार. नाही. जगभर पाळली जाणारी बहुतेक कालवं मोजक्याच जातींतली आहेत आणि त्यांतली सर्वांत पसरलेली, मूळची ईशान्य आशियातली, जपानी कालव म्हणूनच ओळखली जाते. फरक पडतो तो पाण्याने. कालव जागचं हलत नाही. बालपणी दोन-तीन आठवडे ते पाण्यात पोहतं, मग एखादी कठीण जागा, शक्यतो दुसऱ्या कालवाचाच शिंपला, निवडून स्वतःला चिकटवून घेतं आणि न पाळलेलं कालव पुढचा जन्म तिथेच काढतं. येईल ते पाणी आत घ्यायचं, गाळायचं, बाहेर सोडायचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं एक कालव अनुकूल दिवसांत रोज १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. ज्या खाडीत ते वाढलं तिचा खारेपणा, तिचं शेवाळ, पावसाळ्यात तिला मिळणारी नदी, सगळं त्या एका घोटात येतं.

फ्रान्सच्या मारेन-ओलेरों भागात तर कालवं शेवटचे काही आठवडे चिखलाच्या उथळ तळ्यांत ठेवतात. तिथे एक निळसर सूक्ष्म शेवाळ असतं. ते गाळून गाळून कालवाचे कल्ले हिरवे होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं खराब झालंय. त्या हिरव्या रंगाला उलट जास्त मान आहे. फ्रेंच लोकांचा आकड्यांचा हिशेबही उफराटा आहे: नंबर जितका मोठा तितकं कालव लहान. पाच नंबरचं ३० ते ४५ ग्रॅमचं, शून्य नंबरचं दीडशेच्या वर. आमच्या फळ्यावर बाईंनी एकदा नुसतं '३' लिहिलं होतं आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी ताटलीत तीनच कालवं येणार म्हणून वाद घातला होता.

फ्रान्सचाच एक किस्सा मला फार आवडतो आणि तो मी त्या काउंटरवर निदान चार जणांना तरी ऐकवला आहे. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या जी कालवं 'पोर्तुगीज' म्हणून खाल्ली जात, ती १८६८ साली एका जहाजाने जिरोंद नदीच्या मुखाशी टाकून दिली होती. वाटेत वादळ लागलं, माल मेला असं समजून फेकला, असं सांगतात. मेला नव्हता. तो तिथेच रुजला आणि किनारा व्यापून बसला. शंभर वर्षांनी, १९७०च्या सुमारास, एका विषाणूने ही सगळी कालवं दोन-तीन वर्षांत मारली. तेव्हा जपानहून, मुख्यतः मियागी भागातून, कालवांचं बियाणं आणून फ्रेंच किनारा पुन्हा भरला. पुढे मार्च २०११च्या त्सुनामीत त्याच जपानी किनाऱ्यावरची कालवांची शेती वाहून गेली, तेव्हा फ्रेंच कालव-शेतकऱ्यांनी तिकडे सामान पाठवलं. मला गंमत वाटते ती पहिल्या जहाजाची. फेकलेला माल शंभर वर्षं एका देशाला जेवू घालतो, असंही होतं.

बाईंनी हा किस्सा ऐकून एवढंच विचारलं, "मेलीत हे न बघताच टाकली?" त्यांना ती गोष्ट हलगर्जीपणाची वाटली.

कालव हे आज चार लोकांत मिरवायचं खाणं झालंय, पण त्याचा इतिहास अशा लहान गाळ्यांचाच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये कालवं हातगाड्यांवर मिळत, गरिबाच्या पोटाला आधार असत. तळघरांत कालवांची खानावळ असे आणि जिन्याच्या तोंडाशी लाल कापडाचा, आत मेणबत्ती लावलेला गोल दिवा टांगलेला असे. असल्या तळघरांची कीर्ती तेव्हा काही बरी नव्हती. तिथे १८२५ साली थॉमस डाउनिंग नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने ब्रॉड स्ट्रीटवर आपलं तळघर उघडलं. जन्म १७९१चा, व्हर्जिनियातल्या शिंकोटीग बेटावर, आईबाप गुलामीतून सुटलेले. लहानपण खाडीत कालवं काढण्यात गेलेलं. त्यामुळे माल पारखण्यात त्याला कुणी फसवू शकत नसे. बोटी धक्क्याला लागायच्या आत हा अंधारातून होडी वल्हवत जाऊन पहिली निवड करायचा. त्याने गालिचे घातले, झुंबरं लावली. व्यापारी, पेढीवाले, राजकारणी येऊ लागले. आणि हे लोक वर कालवं खात असताना खालच्या तळघरात दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवलेलं असायचं. १८६६मध्ये डाउनिंग वारला तेव्हा शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने त्याच्या अंत्ययात्रेसाठी कामकाज बंद ठेवलं होतं.

त्याच शहराने आपली खाडी इतकी घाण केली की १९२७ साली तिथली शेवटची कालवांची शेतं बंद करावी लागली. गाळणाऱ्या जीवाला गाळायला सांडपाणी दिलं, मग तो खाण्यालायक राहिला नाही. आता २०१४पासून तिथे एक प्रकल्प हॉटेलांतून रिकामे शिंपले गोळा करतो, ते वर्षभर उघड्यावर वाळवतो आणि त्यांवर कालवांची पिल्लं चिकटवून पुन्हा खाडीत सोडतो. २०३५पर्यंत शंभर कोटी कालवांचं त्यांचं उद्दिष्ट आहे. खाण्यासाठी नाहीत ती, नुसती पाणी गाळण्यासाठी. आमच्या बाईही रिकामे शिंपले पोत्यात भरून ठेवतात. पहाटे टेम्पोवाला घेऊन जातो. कुठे, ते मी विचारलं नाही. बादलीतली मात्र त्या पोत्यात जात नाहीत. ती वेगळी बांधून ठेवलेली पाहिली आहेत मी.

मधल्या काळात एकदा मला एका बड्या हॉटेलातल्या समारंभाला जायचा योग आला. तिथे चांदीच्या तबकात कालवं मांडली होती, बारा-बाराच्या वर्तुळात, मधोमध लिंबू जाळीदार फडक्यात बांधलेलं. देखणं प्रकरण होतं. पण कालवं उघडून तास-दीड तास झाला असावा. पाणी आटलेलं, कडा सुकून कागदासारख्या झालेल्या. एकाच्या शिंपल्यात कपच्या. मी हातातलं नाकाशी नेलं. सवयच लागली होती. वाढणारा मुलगा कावराबावरा होऊन म्हणाला, "मॅडम, काही चुकलं का?" त्याचं काय चुकणार होतं? ती कुणी उघडली, कधी उघडली, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी ते खाली ठेवलं आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते. नाकाने सगळं कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

तो समज मोडला दादामुळे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. खाण्यात त्याचा शब्द शेवटचा, हे आमच्या घरात ठरलेलं आहे, त्यामुळे त्याला या हॉटेलात नेणं ही माझ्यासाठी परीक्षाच होती. त्या दिवशी कालवं झकास होती. बाईंनी सहा उघडली, एक बादलीत गेलं, सातवं उघडून सहा पुरी केली आणि ताटली दादासमोर सरकवली. भाचा वाइन हवी का विचारायला आला. दादा म्हणाला, "नको रे बाबा, लिव्हरच्या गोळ्या चालू आहेत. वर्ष झालं, थेंब घेतला नाही."

बाईंचा हात पुढे आला आणि ताटली मागे गेली.

"कच्ची नाही देणार तुम्हाला," त्या म्हणाल्या.

दादाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि राग आला. "अहो, ताजी आहेत ना? तुम्हीच वास घेतलात आत्ता."

"घेतला. ताजी आहेत."

"मग?"

"याला वास नसतो."

आणि मग त्या नेहमीपेक्षा जरा जास्त बोलल्या. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. सांडपाण्यातून आलेले नसतात, समुद्राचेच असतात, स्वच्छ खाडीतही असतात. कालव पाणी गाळतं तसे तेही त्यात साठतात. कालवाला काही होत नाही. रंग बदलत नाही, वास बदलत नाही, चवही तीच. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा फार तर पोटाचा त्रास. पण यकृत आजारी असलं की तेच जिवाणू रक्तात उतरू शकतात आणि मग दोन-तीन दिवसांत माणूस हातचा जाऊ शकतो. लिंबाने मरत नाहीत, तिखटाने मरत नाहीत, दारूने तर नाहीच. मरतात ते नीट शिजवल्याने. हे सगळं त्यांनी हळू आवाजात, फडक्याला हात पुसत सांगितलं. मी तिथे इतकी वर्षं बसत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दादाला आणताना त्याच्या गोळ्यांचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता.

दादा फुरंगटून बसला. "मला काय लहान मूल समजतात?" हे माझ्याकडे बघून, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. बाईंनी ती सहाही आत दिली. भाच्याने शिंपल्यातच लसूण आणि लोणी घालून भाजली, कडा गोळा होऊन मांस चांगलं घट्ट होईपर्यंत. मी उठून बघितलं, कारण आता मला बघावंसं वाटत होतं. दादा पहिलं खाऊन म्हणाला, "रबर आहे." दुसरं खाऊन काही म्हणाला नाही. पाचव्याला त्याने पावाच्या तुकड्याने शिंपला पुसून घेतला. सहावं मला देऊ केलं, पण ताटली स्वतःकडेच ओढून ठेवत.

त्या दिवसानंतर मी काउंटरच्या मागच्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे खिळ्याला एका तारेत जाड कागदाच्या चिठ्ठ्या ओवलेल्या आहेत, सामानाच्या पावत्या असतील असं मी समजत होते. कालवांच्या प्रत्येक पोत्याबरोबर अशी चिठ्ठी येते: कुठल्या पाण्यातून काढली, कुठल्या तारखेला, कुणी. अमेरिकेत ती हॉटेलने ९० दिवस जपून ठेवावी असा नियमच आहे. एवढे दिवस का? तर हेपटायटिस ए-सारखा आजार कधी कधी खाल्ल्यानंतर पन्नासेक दिवसांनी डोकं वर काढतो. तेव्हा माग काढायचा तर तारेवर चिठ्ठी हवी. बाईंच्या तारेवर त्या किती दिवसांच्या आहेत ते मी मोजलं नाही, पण तळाच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या आहेत.

म्हणजे नाक एवढंसंच काम करतं. बाकीचं काम चिठ्ठ्या करतात, बर्फ करतो आणि गिऱ्हाइकाने वाइन का नाकारली हे ऐकणारा कान करतो.

उन्हाळ्यात फळ्यावरून कालवं जातात. इंग्रजी नावात 'र' असलेल्या महिन्यांतच कालव खावं, सप्टेंबर ते एप्रिल, असा उत्तर गोलार्धातला जुना दंडक आहे. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात तो चालत नाही. या दंडकाला दोन कारणं. उन्हाळ्यात कालवं विणीला येतात, मांस दुधाळ आणि लिबलिबीत होतं, हिवाळ्याची शिदोरी अंड्यांत खर्च झालेली असते. (बहुतेक कालवं आधी नर असतात आणि मग मादी होतात. एकेक मादी लाखो, कधी कोटींनी अंडी सोडते.) दुसरं, गरम पाणी आणि गरम प्रवास. आता बर्फ आहे, थंड गाड्या आहेत, आणि गुणसूत्रांचे तीन संच असलेली वांझ कालवंही पाळली जातात. ती विणीत पडत नाहीत, म्हणून बारा महिने भरलेली राहतात. बाईंना हे सगळं माहीत आहे. तरी त्या उन्हाळ्यात ठेवत नाहीत. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने फारच धोशा लावला तेव्हा म्हणाल्या, "मासा खा ना. मासा काय वाईट आहे?" त्या दिवसांत नऊपैकी चार-पाच खुर्च्या रिकाम्या असतात. सुरी खणात असते. बादली मात्र जागची हलत नाही.

दादा आता माझ्याशिवाय तिथे जातो, हे मला भाच्याकडून कळलं. त्याची भाजलेली सहा कालवं ठरलेली आहेत, कोपऱ्यातली खुर्चीही. मला तो अजून सांगतो की त्या बाई फार आगाऊ आहेत.

गेल्या थंडीत, पावसाची संध्याकाळ होती, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, दादा आणि मी दोघंच. मी बाईंना म्हटलं, "एक मला उघडू द्याल?" त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग फडकं दिलं. स्वतःचं नाही, दुसरं, आणखी जाड.

मी सुरीचं टोक बिजागरीवर ठेवलं. निसटलं. पुन्हा ठेवलं. निसटलं. शिंपल्याची कड भुगा होऊन बोटाला लागली. ढकलायचं नाही हे मला माहीत होतं आणि मी ढकलत होते. दादाने जेवण थांबवून घड्याळ काढलं. पाच मिनिटांनी मनगट दुखायला लागलं. त्या एवढ्याशा जीवात इतका जोर असेल असं नुसतं बघून कधी वाटलं नव्हतं. मग कधीतरी, मी त्याचा नाद जवळजवळ सोडलेला असताना, टोक कशात तरी बसलं. हाताला ते डोळ्यांच्या आधी कळलं. मनगट फिरवलं आणि 'टक्' झालं. इतका ओळखीचा आवाज आणि माझ्या हातून आलेला! झाकण काढलं, स्नायू सोडवला, वरच्या अंगाला जरासा चरा पडला. कपची एकच, ती सुरीच्या टोकाने उचलून टाकली. आत कालव होतं, पांढरं, टपोरं, काळी झालर शाबूत. मी नाकाशी नेलं. गार, स्वच्छ, समुद्राचा वास.

मी ते बाईंसमोर धरलं. त्यांनी घेतलं, वास घेतला, मान हलवली. मग शिंपला किंचित तिरका करून आत पाहिला. माझ्या फडक्याकडे पाहिलं. ते चिंब झालं होतं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण पाणी गेलं."

ठण्ण.

"दुसरं घ्या," म्हणून त्यांनी बर्फातलं पुढचं कालव माझ्याकडे सरकवलं, आणि दादाने घड्याळ पुन्हा समोर ठेवलं.